मिस्त्रीचा हात

गुढीपाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी बापूरावच्या उजव्या हातात कटर घुसला. फरशी कापता कापता पातं अडकलं, मशिननं उसळी खाल्ली आणि अंगठ्याच्या बुडापासून तळव्याच्या मध्यापर्यंत हात उघडा पडला. मुक्ताईनं डोक्यावरचं घमेलं आहे तिथं टाकलं, पदर फाडून हात आवळला आणि नवऱ्याला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी अकरा टाके घातले. म्हणाले, शीर तुटलीय, दीड महिना या हातानं चमचासुद्धा उचलायचा नाही. अंगठा पुन्हा वळेल की नाही ते आत्ता सांगता येणार नाही.

बिबवेवाडीच्या वर, डोंगराच्या उतारावर त्यांची पत्र्याची खोली होती. बापूराव दोन दिवस भिंतीला टेकून बसून होता. दुपारी पत्रा तापला की खोलीत भाकरी भाजल्यासारखा वास सुटायचा. त्याची आई गोदाबाई फडकं भिजवून त्याच्या पाठीवर टाकायची आणि सुनेकडं बघत पुटपुटायची, "माह्या लेकाच्या हाताला कोनाची नजर लागली कोन जाणे."

तिसऱ्या दिवशी ठेकेदार विश्वजीत आला. तिशीचा माणूस, पांढरे बूट. खोलीच्या बाहेरच उभा राहून बोलला.

"बापूराव, अक्षय्य तृतीयेला वास्तुशांत आहे फ्लॅटच्या मालकांची. पत्रिका वाटून झाल्यात. मी दुसरा मिस्त्री बघतो."

"दुसरा नका पाहू, साहेब. एकडाव दुसऱ्याचा पाय आत पडला का पुढचं कामबी त्याचंच."

"मग तू काय दातानं बसवणार फरशी?"

बापूरावनं हनुवटीनं बायकोकडं खूण केली. "हे बसवते."

विश्वजीत हसला. समोरचे दोघं हसत नाहीत हे बघून थांबला, आणि मुक्ताईला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. बाजारात म्हैस बघावी तसं.

"बाई? फरशी?"

"मागच्या तिन्ही साइटीवर भिंतीकडेच्या पट्ट्या तिनंच लावल्या. तुमाला कोनं सांगतलं नाई इतकंच."

विश्वजीतनं मोबाइलमध्ये तारीख बघितली, मान खाजवली. "हे बघ, मालकाला कळता कामा नये. जुन्या पेठेतली माणसं आहेत, नख लावून बघतात. कुणीही आलं की थापी तुझ्या हातात आणि घमेलं तिच्या डोक्यावर. कळलं तर मी तुम्हाला ओळखत नाही."

हे सगळं तो बापूरावशी बोलला. मुक्ताईशी एक शब्द नाही. जाताना मात्र गोदाबाईला म्हणाला, "आजी, सुनेला सांगा, साडी जरा धड नेसून येत जा. सोसायटी चांगली आहे."

मुक्ताईला हे काम कुणी शिकवलं नव्हतं. वाशीमकडचं गाव सोडून अकरा वर्षं झाली होती. अकरा वर्षं ती बापूरावच्या हाताखाली बिगारी होती. वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेली वाहायची, फरशी उचलून नवऱ्याच्या हातात द्यायची, बसली की फडक्यानं पुसायची. जेवण झालं की मिस्त्री लोक अर्धा तास आडवे होत. तेवढ्या वेळात ती भांडी विसळायची आणि उरलेल्या वेळात पाणसळ घेऊन सकाळच्या फरशीवर ठेवून बघायची. काचेतला तो बुडबुडा मधोमध आला की तिला बरं वाटायचं. नसला तर रबरी हातोडीनं एका कोपऱ्याला हळूच ठोके द्यायची. बापूराव उठायचा, बघायचा आणि "बसली बरोबर" म्हणायचा. आपोआप बसली असं त्याला वाटायचं, की कळत असूनही बोलत नव्हता, हे तिनं कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून चौथ्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटचं काम तिनं हातात घेतलं. तीन खोल्या, हॉल आणि स्वयंपाकघराला लागून छोटं देवघर. लिफ्टमध्ये वाळू न्यायची नाही असा सोसायटीचा नियम. त्यामुळं सकाळचे दोन तास जिन्यानं वाळू चढवण्यात जायचे. म्हणजे बिगारीचं काम सुटलं नव्हतंच, मिस्त्रीचं वर चढलं होतं. साडीचा काचा मारून, वरून नवऱ्याचा शर्ट चढवून ती गुडघ्यांवर बसायची. दोरी ताणायची, वाळू-सिमेंटचा थर पसरायची, फळीनं सपाट ओढायची, वर सिमेंटचं पाणी ओतायची आणि दोन बाय चारची फरशी पोटाशी धरून अलगद उतरवायची. दोन फरशांमध्ये नख जाईल एवढी फट, ती शेवटपर्यंत सारखी. खिडक्यांना प्लास्टिक लावलेलं, वाऱ्याचा पत्ता नाही. एप्रिलच्या उन्हात घाम फरशीवर टपटपायचा आणि तो पुसण्यातच हात गुंतायचा. चार दिवसांत गुडघ्यांची कातडी सोलून निघाली. रात्री गोदाबाई त्यावर हळद-तेल लावायची आणि म्हणायची, "बाईच्या जातीनं पुरुषाच्या कामात हात घातला का असंच होते."

बापूराव कोपऱ्यात उलट्या डब्यावर बसून असायचा. पहिल्या दिवशी त्यानं "दोरी ढिली हाये", "माल पातळ झाला" असं सांगून बघितलं. तिसऱ्या दिवसापासून सांगण्यासारखं काही उरलं नाही. मग तो दाराकडं कान लावून बसायचा. लिफ्टचा आवाज आला की शीळ घालायचा. शीळ ऐकली की मुक्ताईनं उठायचं, थापी नवऱ्याच्या डाव्या हातात द्यायची आणि रिकामं घमेलं डोक्यावर घेऊन भिंतीला उभं राहायचं.

पाण्याचं तिनं आधीच कमी केलं होतं. फ्लॅटमधल्या तिन्ही संडासांना मालकांनी कुलपं घातली होती, नवीन भांडी खराब होतील म्हणून. पुरुष गच्चीवर टाकीच्या मागं जायचे. तिला चार जिने उतरून, रस्ता ओलांडून, सार्वजनिक शौचालयापर्यंत जावं लागायचं. वॉचमन दर वेळी विचारायचा, "परत? किती वेळा जातेस?" म्हणून ती सकाळी एकदाच पाणी प्यायची आणि दुपारपर्यंत जीभ टाळ्याला चिकटायची.

त्याच फ्लॅटमध्ये रंगवाला आणि त्याचा एक जोडीदार काम करत होते. त्यांना दोन दिवसांतच सगळं कळलं. रंगवाला शिडीवरून म्हणाला, "काय बापूराव, घरीबी हीच वर असती का?"

जोडीदार फिदीफिदी हसला. मुक्ताईनं मान वर केली नाही. पण कानावर नवऱ्याचं हसणंही पडलं. बारीकसं, नाकातून. तिच्या हातातली फरशी वाकडी टेकली. ती पुन्हा उचलून, खालचा माल खरवडून, तिनं नव्यानं बसवली.

मालकांचं नाव गोपाळकृष्ण. बँकेतून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, हातात नेहमी घडी केलेला रुमाल. दर दोन दिवसांनी सकाळी यायचे. आले की आधी दारात चपला काढून ठेवायचे आणि त्या कुणी उचलणार नाही ना, असं एकदा सगळ्यांकडं बघायचे.

"काम चालू आहे, की कामावर चर्चा चालू आहे?"

"चालू हाये, साहेब," बापूराव थापी डाव्या हातात धरून म्हणायचा.

"आणि या बाई इथं कशाला उभ्या? घमेल्याला भिंतीचा रंग दाखवायला?"

मुक्ताई घमेलं घेऊन स्वयंपाकघरात जायची. तिथून तिला ऐकू यायचं. गोपाळकृष्ण हॉलभर अनवाणी फिरायचे, तळपायानं सांधे चाचपायचे, खाली वाकून उजेडात बघायचे.

एकदा म्हणाले, "हात आहे बुवा तुमचा, मिस्त्री. डावा असून असा. उजवा चालत असता तर आम्हाला परवडला नसता."

बापूरावनं मान लववली. "तुमची किरपा, साहेब."

ते गेल्यावर मुक्ताई बाहेर आली. बापूरावनं थापी पुढं केली. तिनं ती घेतली, मूठ ओलसर झाली होती, शर्टाला पुसली.

हॉलचा दाराकडचा भाग तेवढा मागं ठेवून देवघर घ्यायचं ठरलं होतं. छोटीशी जागा, पण काम सगळ्यात किचकट. पांढरा संगमरवर, कडेनं हिरव्या दगडाची दोन बोटांची पट्टी, आणि चारही कोपऱ्यांत पट्ट्या तिरप्या कापून जुळवायच्या. कापायला तोच कटर, ज्यानं बापूरावचा हात फाडला होता. मंगळवारी सकाळी तिनं तो हातात घेतला तेव्हा बापूराव डब्यावरून उठला आणि तोंड फिरवून खिडकीशी जाऊन उभा राहिला.

त्या दिवशी तिचं पोट दुखत होतं. दुसरा दिवस होता. मांड्या भरून आल्या होत्या, कंबर तुटल्यासारखी. दुपारी रस्त्यापलीकडं जाऊन आली तर शौचालयाला कुलूप, पाणी नाही म्हणून. परत चार जिने चढून, बिनदाराच्या न्हाणीघरात सिमेंटच्या गोण्यांच्या आड उभं राहून तिनं कपडा बदलला. बाहेर रंगवाला गाणं म्हणत होता, आणि गाणं थांबलं की तिचा जीव थांबायचा. कपडा कागदात गुंडाळून, पिशवीत तळाशी घालून ती पुन्हा देवघरात येऊन बसली. चारही कोपरे तिनं त्या दिवशी जुळवले. शेवटचा तुकडा बसला तेव्हा दोन दगडांच्या मधून केससुद्धा गेला नसता. दुखणं, घाण, उकाडा, सगळं विसरून ती त्या कोपऱ्याकडं बघत राहिली. बापूराव दारात आला.

"चांगलं झालं," तो म्हणाला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पुढच्या सोमवारी गोपाळकृष्णांच्या बायको, सुनीतीबाई, न कळवता आल्या. लिफ्ट बंद होती म्हणून जिन्यानं आल्या, शीळ वाजलीच नाही. मुक्ताई हॉलच्या उंबऱ्याशी शेवटची फरशी बसवत होती, पाणसळ तिच्या हातात. बापूराव डब्यावर बसून तंबाखू चोळत होता.

सुनीतीबाई मुलींच्या शाळेत मास्तरीण होत्या, निवृत्त झालेल्या. त्या दारात थबकल्या आणि मग त्यांचा चेहरा खुलला.

"अगंबाई! म्हणजे हे सगळं तू केलंस?"

मुक्ताईनं बापूरावकडं बघितलं. त्यानं मान खाली घातली होती. "हो, मावशी," ती म्हणाली.

"कमाल आहे! अगं, आम्ही महिला दिनाला तुझ्यासारख्यांचाच तर सत्कार करतो. थांब, अशीच बस. ते काय ते, पाणसळ ना, धर हातात. जरा हस की!"

त्यांनी मोबाइलवर फोटो काढला, तिथंच उभं राहून कुठल्यातरी ग्रुपवर पाठवला आणि नवऱ्याला फोन लावला. "अहो, आपल्या घरची फरशी एका बाईनं बसवलीय!"

अर्ध्या तासात गोपाळकृष्ण आले. त्यांनी फोनवरूनच झाडलेला विश्वजीतही मागोमाग धापा टाकत आला. गोपाळकृष्णांनी चपला काढल्या, पण या वेळी त्यांच्याकडं वळून बघितलं नाही. खिशातून दहाचं नाणं काढलं, गुडघ्यांवर बसले आणि दारापासून एकेक फरशी वाजवत निघाले. टक. टक. टक. सगळे उभे राहून बघत होते. रंगवाल्यानं रोलर खाली ठेवला.

हॉल संपला. एकही फरशी पोकळ वाजली नाही.

"आवाज भरीव येतोय," ते उठत म्हणाले, "पण किती दिवस, हा प्रश्न आहे. बायकांच्या हाताला दाब नसतो. वरवर छान दिसतं, सहा महिन्यांनी उचलतं."

"साहेब, तुमीच तर म्हनले होते..." बापूराव चाचरला.

"मी तुमच्या कामाला म्हणालो होतो. तुमचं काम म्हणून दाखवलंत ना? रांगोळी वेगळी आणि फरशी वेगळी. विश्वजीत, ही फसवणूक आहे."

मुक्ताई भिंतीला टेकून उभी होती. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेऊन ती हे चार जिने रोज चढली होती. हाताला दाब नाही. तिला हसूही आलं नाही. तोंडात नुसती कडवट लाळ जमा झाली.

तेवढ्यात नवऱ्यानं देवघराकडं खूण केली तशी सुनीतीबाईंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तिला हळूच स्वयंपाकघरात नेलं. आवाज लोण्यासारखा मऊ केला.

"देवघर कधी केलंस गं?"

"मागच्या मंगळवारी."

"तेव्हा तुझी... म्हणजे अडचण नव्हती ना? हे बघ, मी यातलं काही मानत नाही हं. अजिबात नाही. पण ह्यांच्या आजोबांपासूनचे देव आहेत, आणि गुरुजी कडक आहेत. तू नुसतं नाही म्हण, मी ह्यांना सांगते. संपला विषय."

तो हात खांद्यावरच होता. मऊ, गार, चंदनाच्या साबणाचा वास येणारा. मुक्ताईनं खांदा हळूच सोडवून घेतला.

"आठवत नाही, मावशी."

"असं कसं? बाईला आठवत नाही?"

"काय म्हणतेय?" बाहेरून गोपाळकृष्णांनी विचारलं.

"आठवत नाही म्हणते."

"मग मिस्त्रींना विचारा. त्यांच्या घरातली गोष्ट आहे, त्यांना ठाऊक असेल."

शिडीवरचा जोडीदार खाली वाकून बघायला लागला. रंगवाला दाढी खाजवत, मान तिरपी करून उभा होता. विश्वजीत मोबाइल हातात धरून वाट बघत होता. आपल्या कपड्याला कुठल्या दिवशी रक्त होतं, हे ऐकायला पाच पुरुष कान देऊन उभे आहेत, हे बघून मुक्ताईला उष्ट्या पत्रावळीत हात बुडाल्यासारखं झालं.

बापूरावनं बायकोकडं बघितलं, मग मालकांकडं. दुखऱ्या हाताची पट्टी डाव्या हातानं कुरवाळली.

"साहेब, देवघर मीच बसवलं. या डाव्या हातानं. ते त्या दिवशी कामावर आलीच नव्हती. घरी होती."

विश्वजीतनं सुस्कारा सोडला. "तेच तर म्हणतो मी, साहेब!"

गोपाळकृष्ण देवघराच्या दारात गेले. रुमालानं चष्मा पुसला. वाकून कोपरे बघितले, हिरव्या पट्टीवरून बोट फिरवलं. त्यांचा चेहरा निवळला.

"बघ सुनीती, मी म्हटलं नव्हतं? दारात उभं राहिलं तरी फरक कळतो. ही रेघ बघ. हा कोपरा बघ, कसा जुळलाय. हॉलमध्ये आहे का असं कुठं? याला म्हणतात मिस्त्रीचा हात."

"खरंच हो," सुनीतीबाई म्हणाल्या. "वेगळंच दिसतंय."

त्या दोघांच्या खांद्यांमधून मुक्ताईला तो कोपरा दिसत होता. तिनं कटर धरून पट्ट्या तिरप्या कापल्या होत्या. पहिले दोन तुकडे फुटले होते. तिसरा तिनं श्वास रोखून कापला होता.

"देवघर मी बसवलं," ती म्हणाली.

बापूराव म्हणाला, "मुक्ते, गप."

"मी बसवलं. सगळं मीच बसवलं. आणि त्या दिवशी दुसरा दिवस होता. कपडा बदलायला जागा नव्हती, तुमच्या तिन्ही संडासांना कुलपं होती. त्या गोण्यांच्या मागं बदलला आणि परत येऊन हा कोपरा जुळवला. आता काय करायचं ते करा."

सुनीतीबाईंनी दोन पावलं मागं घेतली. मग पर्समधून मोबाइल काढला आणि अंगठ्यानं काहीतरी पुसू लागल्या. फोटोच असणार.

"विश्वजीत," गोपाळकृष्ण म्हणाले, आवाज अजिबात न चढवता, "देवघर उद्याच्या उद्या उखडा. आणि ही माणसं मला पुन्हा इथं दिसता कामा नयेत."

विश्वजीतचं तोंड लाल झालं होतं. कोपऱ्यातली छिन्नी-हातोडी त्यानं पायानं मुक्ताईकडं लोटली. "उखड. तूच केलीस ना ही घाण, तूच उखड!"

"बसवली मी. उखडायला दुसरा बघा."

तिनं थापी पाण्यात बुडवून धुतली, पाणसळ फडक्यात गुंडाळली, दोरी गुंडाळली आणि सगळं पिशवीत भरलं. बापूराव मालकांपुढं हात जोडायला गेला, पण एक हात पट्टीतला. जोडता येईनात.

ती जिना उतरली. तो मागून चार पायऱ्या अंतर ठेवून उतरला.

संध्याकाळी खोलीत चूल पेटवायची कुणालाच इच्छा नव्हती. बापूराव उंबऱ्यावर बसला.

"काय गरज होती? मी वाचवून रायलो होतो ना?"

"कोनाले?"

"तुले. आपल्या कामाले."

"माह्यं काम तुमी तुमच्या नावावर केलं आन म्हनता वाचवलं? त्या रंगवाल्यासंगं हसले तवा बी मलेच वाचवत होते का?"

गोदाबाईला आतापर्यंत सगळं कळलं होतं. ती आधी सुनेवरच घसरली.

"पाच पुरुषायच्या म्होरं हे बोलली तू? लाज सोडली वं मुक्ते! हे काय सांगाची गोष्ट हाये?"

"त्यायनं इचारली, आत्याबाई."

म्हातारीनं डोक्यावरचा पदर सावरायला म्हणून हात वर नेला आणि तो तिथंच राहिला. तिच्या टाळूवर हाताच्या पंजाएवढी जागा गुळगुळीत होती. तीस वर्षं घमेली वाहून तिथले केस गेले ते पुन्हा आलेच नव्हते. ती त्या जागेवरून बोटं फिरवत राहिली.

"गावाकडं महादेवाचं देऊळ बांधलं, तवा विटा म्या वाह्यल्या," ती म्हणाली. "पायापासून कळसापर्यंत. बापू पोटात होता, तवाबी. त्याच्या आधी, त्याच्या मागं, चार साल काम चाललं. त्या चार सालात किती डाव मी अडचनीत असंन? कोनं पुसलं नाई. गाभाऱ्याची वीट हाये, बाजूला सर, असं एकानं म्हनलं नाई. वझं वाहतानी कोनीच पुसत नाई."

लेकाकडं न बघता ती पुढं म्हणाली, "कळस बसला आन त्या दिवशीपासून मले पायरीच्या वर येऊ देलं नाई."

बापूराव उंबऱ्यावरून उठला नाही. डोंगराखाली बिबवेवाडीत दिवे लागले होते.

विश्वजीतनं दुसरीकडंही सांगून ठेवलं. ओळखीच्या दोन ठेकेदारांनी बापूरावचा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी सकाळी मुक्ताई पिशवी घेऊन चौकातल्या मजूर अड्ड्यावर गेली. तिथं रस्त्याच्या एका अंगाला मिस्त्री लोक उभे राहतात, पुढ्यात थापी, ओळंबा मांडून. दुसऱ्या अंगाला बायका, रिकामी घमेली घेऊन. मुक्ताई मिस्त्रींच्या बाजूला जाऊन उभी राहिली. शेजारचे दोघं सरकले. जागा दिली म्हणून नव्हे, अंग लागू नये म्हणून.

पहिल्या दिवशी एकानं विचारलं, "बिगारी येणार?" ती म्हणाली, "फरशी बसवते." त्यानं विचारलं, "मिस्त्री कोण?" ती म्हणाली, "मीच." तो पुढं गेला. दुसऱ्यानं गाडीची काच खाली केली, तिच्या गळ्याखाली बघत म्हणाला, "फरशी राहू दे, दुसरं काय येतं?" आणि गाडीतले सगळे हसले. अकरा वाजेपर्यंत अड्डा रिकामा झाला. दुसऱ्या दिवशीही तसंच.

तिसऱ्या दिवशी बापूराव तिच्याबरोबर आला. हात गळ्यात बांधलेला. टाके निघाले होते, पण अंगठा वळत नव्हता. काठीसारखा ताठ. तो तिच्या शेजारी उभा राहिला तेव्हा एक ओळखीचा मिस्त्री पुढं आला.

"बापूराव, ते देवघर मी उखडलं रे. काय बसवलं होतंस! दोन दिवस घाम काढला. एक तुकडा सरळ निघाला नाही. सगळं भुकटी झाल्यावर सुटलं."

बापूरावनं जमिनीकडं बघितलं. "मी नाई बसवलं. हिनं बसवलं."

तो मिस्त्री मुक्ताईकडं बघत राहिला, मग तंबाखू मळत आपल्या जागेवर निघून गेला.

नऊच्या सुमाराला एक ठेकेदार स्कूटरवर आला. तो बापूरावला तोंडओळखीनं जाणत होता. "बापू, कोंढव्याला दोन बाथरूम आहेत. हाताचं काय ते बघू, सावकाश कर. बायकोला घे बिगारी म्हणून."

बापूरावनं मुक्ताईपुढच्या थापीकडं बघितलं. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"साहेब, मिस्त्री ते हाये. मी बिगारी येतो तिच्या हाताखाली."

ठेकेदाराला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्याच्या तोंडातलं पान उडालं. "ए, ऐकलं का रे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडला, "बाई मिस्त्री आणि बाप्या बिगारी! उद्या बाळंतपणबी हाच करणार!" अड्ड्यावर हशा पिकला. पलीकडच्या बायकांमधूनही दोघी-तिघी पदर तोंडाला लावून हसल्या. ठेकेदारानं दुसरे दोन पुरुष मागं बसवले आणि हसतच स्कूटर काढली.

पानाचे लाल शिंतोडे मुक्ताईच्या पायावर पडले होते. तिनं ते बघितलं. वाकून पुसले नाहीत. स्कूटर गेली त्या बाजूला तोंड करून ती जोरात थुंकली, पदरानं ओठ कोरडे केले आणि आहे त्याच जागेवर, मिस्त्रींच्या रांगेत, उभी राहिली. बापूराव तिच्या शेजारून हलला नाही.